आधी भोंगा, मग मोबाईल

फोर-जी यायच्या आधीचा एप्रिल. देवगडकडच्या एका आंबा पॅकिंग शेडमधून सकाळी सातला निरोप आला, ‘फोन आणि भोंगा दोन्ही बिघडलेत, ताबडतोब या.’ हंगामात ‘ताबडतोब’ म्हणजे काल. मी हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवली आणि निघालो.

शेड खाडीच्या काठाला, खोलगट जागी. टॉवर वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर. उतार संपेपर्यंत माझ्याच मोबाईलची रेंज एका काडीवर आली होती. तेव्हा ती बाब डोक्यात घ्यायला हवी होती, घेतली नाही.

हिशेबनीस काकांच्या टेबलावर लँडलाइन, शेजारी गाड्यांचे नंबर पुकारायचा अँप्लिफायर, आणि त्याची साधी, लांबलचक वायर थेट आवारातल्या भोंग्याला. काका म्हणाले, “मधेच टिक्-टिडिक्-टिडिक् करता, मगे भर्रर्र! फोनवरच्या माणसाक वाटता मी दात खातंय.”

मी आधी रिसीव्हर बदलला. मग लाइनची वायर. मग अर्थिंगवर संशय घेतला. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग धड मिळत नाही, हे इथल्या कुठल्याही वायरमनला विचारा. खड्ड्यात मीठ-कोळसा घातला, चार कळश्या पाणी ओतलं. दुपारी दोनपर्यंत माझी पाठ मोडली, आणि टिडिक् जशीच्या तशी.

जेवणाचा डबा उघडून टेबलाशी बसलो तेव्हा भोंगा टिडिक्-टिडिक् करू लागला. दोनेक सेकंद गेले असतील. मग काकांचा मोबाईल वाजला. वाशीच्या दलालाचा फोन. मोबाईल कुठे, तर अँप्लिफायरच्या डोक्यावर! दुसरा लँडलाइनला टेकून. माझा घास हातातच राहिला.

टू-जीमध्ये एकाच लहरीवर आठ मोबाईल पाळीपाळीने बोलतात. एकेकाची पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून थोडी जास्त, आणि ती सेकंदाला साधारण 217 वेळा येते. म्हणजे मोबाईल एका सेकंदात 217 वेळा ओरडतो आणि गप्प होतो. ती मूळ लहर कानाला ऐकू येणारी नाही, पण ही उघडझाप वायर एरियलसारखी पकडते, अँप्लिफायरमधले ट्रान्झिस्टर तिचा आवाज करतात, आणि तीच भर्रर्र. घंटी वाजायच्या आधी मोबाईलची टॉवरशी बोलणी सुरू होतात, म्हणून भोंग्याला बातमी आधी. रेंज कमी असेल तर मोबाईल सगळा जोर लावतो. 900 मेगाहर्ट्झवर तो जोर 2 वॅटपर्यंत जातो. सड्यावरच्या ऑफिसात हीच मांडणी कदाचित कुणाच्या लक्षातही आली नसती.

खात्रीसाठी मी काकांचे दोन्ही मोबाईल उचलून पलीकडच्या खिडकीत ठेवले आणि माझ्या मोबाईलवरून रिंग दिली. भोंगा गप्प. परत टेबलावर आणले, टिडिक्. काका हसले, “म्हणजे गुन्हेगार मीच?” मी म्हटलं, “तुम्ही नाही, तुमचा दलाल.”

भोंग्याला शिल्डेड, म्हणजे धातूच्या जाळीचं आवरण असलेली वायर टाकली, दोन्ही टोकांना असल्या लहरी अडवणारे फेराइटचे मणी चढवले आणि मोबाईल खिडकीत ठेवायचे ठरले. खिडकीत रेंजही दोन काड्या जास्त मिळायची. अर्थिंगचे पैसे मागायला मात्र माझी जीभ रेटली नाही.

दहा दिवसांनी काकांचा फोन. “ता टिडिक् परत लावून देशात?” मी चक्रावलो. पेट्यांना खिळे ठोकायच्या आवाजात खिडकीतली घंटी त्यांना ऐकू जात नव्हती, दलालाचे दोन फोन हुकले होते. टिडिक् मात्र भोंग्यातून गाजायची.

घरात पडलेला कॉम्प्युटरचा जुना छोटा स्पीकर नेऊन दिला. त्याची वायर खिडकीत मोबाईलला गुंडाळली, स्पीकर काकांच्या कानाशी. हंगाम संपेपर्यंत काका घंटी वाजायच्या आधीच खुर्चीतून उठायचे.