आमच्या वर्गात कोण कोण होतं

2024 च्या गणपतीत, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मालवण बाजारात आमच्या वर्गातले चौघेजण अचानक एकमेकांना भेटले. तिघे मुंबईहून आलेले चाकरमानी, एक इथलाच. चहा संपेपर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुप तयार झाला होता. नाव ठेवलं 'दहावी बॅच 1995'. संध्याकाळी मलाही कोणीतरी त्यात घेतलं. आरती आटोपून फोन बघितला तर दोनशेच्या वर मेसेज. मी रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले.

आठवडाभरात ग्रुपवर 26 जण झाले, त्यात आम्ही बायका फक्त चार. आमच्या वर्गात खिडकीकडची अख्खी रांग मुलींची होती. मी लिहिलं, 'बाकीच्या मुली कुठे आहेत?' उत्तर आलं, 'सापडत नाहीत. सगळ्यांची आडनावं बदलली. तू बघशील का?' मी हो म्हटलं. मी कुडाळला राहते, माझं माहेर मालवण तालुक्यात, म्हणजे येणं-जाणं होतंच. पुढचे चार महिने मी हेच केलं.

आठवणीतून यादी काढायला बसले तेव्हा 19 मुलींची नावं आली. खात्री वाटेना. म्हणून ऑक्टोबरमध्ये, दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी, शाळेत गेले. रीतसर अर्ज दिला, कारण लिहिलं. मुख्याध्यापिका माझ्याहून लहान होत्या. त्यांनी जनरल रजिस्टर दाखवायला परवानगी दिली, पण अट घातली. फक्त नावं उतरवून घ्यायची. पत्ता, जन्मतारीख, जात यांतलं काही लिहून न्यायचं नाही. मला ते पूर्ण पटलं. शाळेनं सगळ्यांचे तपशील असे कोणाच्याही हातात देऊच नयेत.

रजिस्टर टेबलावर ठेवलं तेव्हा टेबल भरून गेलं. जाड पुठ्ठा, त्याला लाल कापडी पाठ. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात ऑफिसवरची कौलं उडाली होती, तेव्हा शिपायाने ही रजिस्टरं उचलून पलीकडच्या वर्गात बाकांखाली नेऊन ठेवली होती. तरी पानांच्या कडा पाणी पिऊन फुगल्याच होत्या. लिपिकांनी उजव्या बाजूच्या रकान्यांवर वर्तमानपत्र पसरलं आणि मी जून 1989 पासून, आमच्या पाचवीच्या प्रवेशापासून, एकेक नाव उतरवायला लागले. पंख्याच्या वाऱ्याने कागद सरकायचा, ते परत नीट करायचे. तसाच एकदा तो सरकला आणि शेवटचे दोन रकाने दिसले, 'शाळा सोडल्याची तारीख' आणि 'शाळा सोडल्याचे कारण'. नाव माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलीचं होतं. ऑगस्ट 1993. कारण, 'सतत गैरहजर, नाव कमी केले'. निळ्या शाईत, सुरेख वळणदार अक्षरात.

मी तिला पार विसरले होते असं नाही. पण माझ्या 19 नावांत ती नव्हती. दोन वर्षं ज्या मुलीच्या कंपासमधली कर्कटक मी वापरली, ती माझ्या यादीत आलीच नाही, कारण मी 'दहावीचा वर्ग' आठवत होते.

त्या दिवशी माझ्या वहीत 63 नावं झाली. दहावीच्या परीक्षेला बसलेले त्यातले 44. उरलेले 19 पाचवी ते दहावीच्या मधे कुठेतरी गळलेले, आणि त्या 19 मध्ये 13 मुली.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं की नाव बदलूया. 'दहावी बॅच' म्हटलं की जो नववीत थांबला तो आपणहून बाहेर राहतो. यावर थोडी वादावादी झाली. सगळीकडे बॅच दहावीवरूनच धरतात असं दोघांचं म्हणणं होतं. मी हट्ट सोडला नाही. शेवटी निमंत्रणात वाक्य घातलं ते असं: 'जून 1989 ते मार्च 1995 या काळात आमच्या वर्गात एक दिवस जरी बसला असाल, तरी हा मेळावा तुमचा आहे.' मेळाव्यासाठी आम्ही जे जे केलं, त्यात हे वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं.

त्याची गरज का होती हे मला किनाऱ्यावर कळलं. आमचा एक वर्गमित्र रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर असतो. मी गेले तेव्हा दोर ओढून झाला होता, जाळं वाळूवर होतं आणि तो बांगडे वेगळे करत होता. मला ओळखलं, हसला, आईची चौकशी केली. मेळाव्याचं सांगितल्यावर मात्र खाली बघत म्हणाला, "मी खंय तुमच्या बॅचचो? माझो दाखलो नववीचो." मी फोन काढून ते वाक्य वाचून दाखवलं. त्याने ते परत वाचायला सांगितलं. मग ओला हात लुंगीला पुसून फोन स्वतः हातात घेतला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

मुलींना शोधण्याची वाट माहेरच्या घरातून जाते. फेसबुकवर शोधून काही हाती लागत नाही. लग्नानंतर आडनाव बदलतं, आमच्या बाजूला पुष्कळदा पाळण्यातलं नावही बदलतं. मी वाडी धरून निघायचे. घरी भाऊ नसला तर वहिनी असायची. पहिला प्रश्न ठरलेला, "नंबर कित्याक व्हयो तुमका?" तो प्रश्न रास्तच आहे. मी नंबर मागायचंच सोडलं. माझा नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचे, सोबत वर्गाच्या फोटोची प्रत, आणि सांगायचे की तिला वाटलं तर तिलाच फोन करू दे. दहांतल्या सात-आठ जणींचा फोन दोन दिवसांत यायचा. ज्यांचे नंबर मिळाले त्यांना पहिला फोन बाईनेच करायचा, हेही आम्ही ठरवलं. तीस वर्षांनी अनोळखी पुरुषाचा आवाज ऐकून घरात उगाच प्रश्न उभे राहतात, आणि त्याची झळ तिला लागते. फोनमध्ये नाव सेव्ह करताना माहेरचं नाव आणि पुढे वाडी लिहायची. सासरचं नाव लिहिलं की आठ दिवसांनी मलाच कळत नसे ही कोण.

पाच जण आता नाहीत. त्यांच्या घरीही गेले. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

कार्तिकात आमच्या गावची जत्रा झाली. जत्रेला माहेरवाशिणी देवीची ओटी भरायला येतातच, मग सासर कितीही लांब असो. मी दुपारी तीन वाजल्यापासून ओटीच्या रांगेच्या कडेला उभी राहिले. हातात फोटोची प्रत होती. रात्री दशावताराची पेटी वाजायला लागेपर्यंत मला तीन मुली सापडल्या. तिसरी भेटली खाजाच्या दुकानासमोर. तिला मी बाकावरच्या मैत्रिणीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "ती दोडामार्गात आसा. काजूच्या कारखान्यात." नंबर तिच्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी फोन केला. माझं माहेरचं नाव सांगितलं, खिडकीकडचा तिसरा बाक म्हटलं. पलीकडून फक्त कटरची खटखट ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "तुका माझो नंबर कोणी दिल्यान?" आवाजात राग नव्हता. बाहेर येऊन बोलली. 1993 च्या पावसात तिची आई अंथरुणाला खिळली होती, धाकटी भावंडं लहान. दोन महिने ती घरीच होती, आणि मग शाळेत परत जायचं राहूनच गेलं. शाळेतून विचारायला कोणी आलं नव्हतं. मीही गेले नव्हते. आमच्या घरापासून तिचं घर चालत अर्ध्या तासावर होतं. हे मी तिला फोनवरच सांगितलं आणि मला रडू आलं. (हे इथे लिहायला तिने परवानगी दिली आहे, नाव न घालण्याच्या बोलीवर.)

मेळाव्याला येशील का विचारल्यावर म्हणाली, "येतलंय. पण माका शेवटची गाडी गावाक व्हयी."

त्या एका वाक्याने आमचा कार्यक्रम बदलला.

तारीख तोवर ठरली होती, तीही सहजासहजी नाही. गणपतीत सगळे गावी असतात, पण प्रत्येकाच्या घरात देव असतो, भजनं असतात, कोणाला उसंत नसते. मे महिन्यात मुंबईकरांना सुट्टी, पण हापूसवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. आमच्यातले नऊ जण बागायतदार आहेत. पावसात रेल्वेचं वेळापत्रक वेगळं, गाड्या हळू. डिसेंबरात पर्यटकांमुळे खोल्या मिळत नाहीत. शिवाय आचऱ्याच्या दोघांनी सांगितलं की गावपळण लागली तर त्यांचं काही खरं नाही. तिचा कौल ग्रामदैवत रामेश्वर देतो, आणि मग तीन दिवस अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहतं. फेब्रुवारीकडे आंगणेवाडीची जत्रा, तिचीही तारीख पंचांगात नसते. अशा चाळणीतून 26 जानेवारी 2025 उरली. रविवार होता. सकाळी शाळेत झेंडावंदनाला सगळ्यांनी यायचं, हे सर्वांना आवडलं.

पण मुंबईकरांनी आखलं होतं ते असं: झेंडावंदन उरकून दुपारी तारकर्लीला जायचं, संध्याकाळी किनाऱ्यावर गाणी, रात्री मुक्काम. मी माझी वही घेऊन बसले आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारलं, घरी किती वाजेपर्यंत पोचायला हवं? 22 जणींपैकी रात्री राहू शकणाऱ्या निघाल्या तीन. सावंतवाडीहून माझ्या मैत्रिणीच्या गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. संध्याकाळी सातची. म्हणजे मालवणकडून साडेतीनला तरी निघायला हवं. मी ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की कार्यक्रमातलं महत्त्वाचं जे काही आहे ते तीनच्या आत झालं पाहिजे. सरांचा सत्कार, जेवण, सगळ्यांचं बोलणं, फोटो, सगळं. ज्यांना राहायचंय त्यांनी नंतर खुशाल तारकर्लीला जावं. नाराजी झाली. 'मग मजा काय राहिली?' असंही एकाने लिहिलं. ज्याने ग्रुप काढला होता, त्यानेच मग पुढाकार घेऊन तारकर्लीचं बुकिंग कमी केलं. त्याचे मी आभार मानते.

पैशांचं मात्र आमचं आधी चुकलं. वर्गणी 1500 ठरली, ज्याने पाठवले त्याने यूपीआयचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा असं झालं. कोणी पाच हजार टाकले, टाळ्यांची रांग लागली. त्या रात्री दोन मैत्रिणी काही न बोलता ग्रुप सोडून गेल्या. एकीला मी फोन केला तर म्हणाली, कामाचं आहे गं, जमणार नाही. दुसरीनेही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही स्क्रीनशॉट बंद केले, आकडाही काढून टाकला. हिशेब एकाकडे, आणि कोणी किती दिले हे त्याने कोणालाही सांगायचं नाही. खर्च भागून वर उरलंसुद्धा. त्या दोघी परत आल्या, पण त्यासाठी मला दोघींच्या घरी जावं लागलं. जो कोणी असा मेळावा करायला घेईल, त्याने ही चूक आमच्यावरूनच शिकावी.

रेल्वेच्या आरक्षणात धावपळ झाली. पूर्वी 120 दिवस आधी मिळायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. 24 जानेवारीच्या कोकणकन्येसाठी 25 नोव्हेंबरला सकाळी आठच्या ठोक्याला सहा जण वेगवेगळ्या फोनवर बसले होते. जायची मिळाली, परतीची काहींना शेवटपर्यंत वेटिंगवर राहिली.

26 तारखेला 41 जण आले. झेंडावंदनाला आत्ताच्या मुलांच्या मागे आम्ही ओळीत उभे राहिलो. रापणवाला मित्र उशिरा आला, केस अजून ओले होते. येताना दोन सुरमई घेऊन आला आणि थेट जेवणाच्या चुलीकडे गेला. आमचे गणिताचे सर ऐंशीच्या पुढचे. त्यांना बोलायला उभं करायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते उभे राहिलेच.

माझी मैत्रीण आली ती डाव्या हाताने पदर धरून, उजवा हात त्याखाली घेऊन. काजूच्या टरफलाच्या तेलाने बोटांची टोकं काळी पडलेली, कातडी सोलवटलेली. जेवताना ती माझ्या शेजारी बसली. वड्याचा तुकडा मोडताना तिने हात बाहेर काढला, आणि मग दिवसभर तो बाहेरच होता.

साडेतीनला एकाच्या गाडीने आम्ही पाच जणी निघालो. कुडाळला तिघी उतरल्या. मी तिच्याबरोबर सावंतवाडीपर्यंत गेले. स्टँडवर गाडी लागलेली होती. आदल्याच दिवसापासून एस.टी.चं भाडं जवळपास 15 टक्क्यांनी वाढलेलं, दारात कंडक्टरशी लोक त्यावरूनच बोलत होते. तिने बायकांचं अर्धं तिकीट काढलं आणि खिडकीशी बसली. मी खाली उभी राहून तिला सांगत होते की हयात असलेल्या 58 जणांतले सहा अजून सापडलेले नाहीत, वही मिटवलेली नाही. तिने त्यांची नावं विचारली. मी एकेक सांगत गेले. चौथं नाव ऐकल्यावर तिने मला थांबवलं.

"ती? ती माझ्या नणंदेच्या गावात आसा." गाडी सुरू झाली होती. तिने खिडकीतून हात बाहेर काढून मोठ्याने सांगितलं, "रात्री फोन कर, नंबर देतंय."