आय५-३४७० आणि विंडोज ११ : कामाची नोंद

मशीन सांगलीतल्या एका ऑफिसचं, असेंबल केलेलं. कोअर आय५-३४७०, एच६१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर३, ५०० जीबी हार्डडिस्क. काम टॅली, जीएसटी आणि मराठी पत्रव्यवहाराचं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मायक्रोसॉफ्टचं तपासणी टूल पीसी हेल्थ चेक म्हणतं, विंडोज ११ चालणार नाही : टीपीएम २.० (सुरक्षा चिप) नाही, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. तरीही ते टाकायचं ठरवलं.

राग यादीचा आहे. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना (इन्स्ट्रक्शन) लागतात. जुन्या कोअर २ ड्युओमध्ये त्या नाहीत, त्यावर ही आवृत्ती बूटच होत नाही, तिथे वाद संपला. ३४७०मध्ये दोन्ही आहेत. मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारी सुरक्षा) वेगाने चालवायला प्रोसेसरमध्ये लागणारी एमबीईसी ही सोय मात्र यात नाही, त्यामुळे ती सुरक्षा चालू केली की मशीन जड होतं. हे कारण पटतं. पण इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एमबीईसी आहे, पीटीटी या इंटेलच्या फर्मवेअरमधल्या सोयीतून टीपीएम २.०ही मिळतं, तरी तिथले मोजके अपवाद सोडून बाकी सगळे यादीबाहेर. याला तांत्रिक कारण दिसत नाही.

आधी हार्डवेअर. २५६ जीबी साटा एसएसडी बसवली. एच६१वर ६ जीबीपीएस पोर्ट नसतात, त्यामुळे वेग सेकंदाला २७० एमबीच्या आसपासच अडकतो. महागडी एसएसडी घेऊन उपयोग नाही. हार्डडिस्कच्या मानाने हाही जमीन-अस्मानाचा फरक. रॅम ८ जीबी केली. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ‘फक्त एएमडीसाठी’ डीडीआर३ स्टिक घेऊ नका, त्यांतल्या चिपा इंटेलचा कंट्रोलर ओळखत नाही, डिस्प्लेच येत नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलून टाका. सेल गेला असला की वीज गेल्यावर बायोसच्या सेटिंग उडतात आणि तारीख मागे गेली की जीएसटी पोर्टल सर्टिफिकेटची बोंब मारतं.

डिस्कची जुनी एमबीआर मांडणी बदलून नवी जीपीटी करणारं विंडोजचं टूल एमबीआर२जीपीटी जुन्या डिस्कवर चालवून पाहिलं तर व्हॅलिडेशनलाच नापास. आपल्याकडे असेंबल मशीनवर सी, डी, ई ड्राइव्ह पाडायची पद्धत. त्यातले डी-ई एक्स्टेंडेड पार्टिशनमध्ये असले की हे टूल हात वर करतं. म्हणून जुनी डिस्क तशीच डेटासाठी ठेवली आणि नव्या एसएसडीवर जीपीटी घेतलं. जीपीटीवरून यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस) बूट करायला बायोसमधला सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद करताना जपून : जीओपी (यूईएफआयमध्ये चित्र दाखवणारा ड्रायव्हर) नसलेलं जुनं ग्राफिक कार्ड लावलेलं असेल तर स्क्रीन काळीच राहते.

इन्स्टॉल रुफसने (बूट होणारा पेन ड्राइव्ह बनवणारं टूल). विंडोज ११ची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) निवडून स्टार्ट दाबल्यावर जी खिडकी येते, तिथे रॅम, सिक्युअर बूट व टीपीएमची अट काढण्याची खूण करा आणि पेन ड्राइव्हवरूनच बूट करा. यूपीएस लावल्याशिवाय हात घालू नका. अशा मशीनवर मासिक सुरक्षा अपडेट येतात, पण हक्क म्हणून नाही, कधीही थांबू शकतात. दरवर्षीची मोठी आवृत्ती मात्र हातानेच टाकावी लागते.

ज्याला हे नको, त्याने विंडोज १०च्या २२एच२ आवृत्तीवर ईएसयू (सपोर्ट संपल्यानंतरचे वाढीव सुरक्षा अपडेट) घ्यावं. घरगुती वापरासाठी ते १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे.

टॅली विंडोजवरच चालतं, नाहीतर लिनक्स मिंट २२ एक्सएफसीई इथे छान बसतं, एप्रिल २०२९पर्यंत अपडेट. कीबोर्ड लेआउटमध्ये ‘मराठी (एन्हान्स्ड इन्स्क्रिप्ट)’ घ्या. श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पत्रं तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात, म्हणून विंडोज काढण्याआधीच ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, कन्व्हर्टर तिथेच चुकतो.