माथेरानची चार इंजिनं

नेरळला माथेरान गाडीची चौकशी करायला लोक उतरतात आणि तिथल्या जुन्या वाफेच्या इंजिनासमोर उभं राहून फोटो काढतात, मीही काढलेत, पण खरं सांगू का, दरवेळी ते रंगवलेलं इंजिन बघून पोटात कालवतं. कारण मी त्याच्यामागे बसून वर गेलोय. 1980 साल असेल, मी सात वर्षांचा, खिडकीतून डोकं बाहेर काढलं म्हणून डोळ्यात कोळशाचा कण गेला आणि आईने पदराच्या टोकाने काढला. तो वास अजून नाकात आहे.

ही लाईन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली, 1904 ते 1907, खर्च तेव्हाचे 16 लाख. रूळ फक्त दोन फुटांवर, चढ काही ठिकाणी 20 फुटाला एक फूट, आणि वळणं तर अशी की मागच्या डब्यातून पुढचं इंजिन शेजारून जाताना दिसतं. अशा वळणावर साधं सहा चाकी इंजिन अडकणार किंवा रूळ खाणार. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने बनवलेल्या या चार इंजिनांत (नंबर 738 ते 741) एक भारी युक्ती होती, पुढची आणि मागची चाकं आपापल्या पोकळ नळीवर बसवलेली आणि खरा आस त्या नळीच्या आत, मध्ये गोल सांधा, त्यामुळे वळण आलं की चाकं आपोआप थोडी तिरकी व्हायची. शंभर वर्षांपूर्वी हे कोणी डोक्यात आणलं असेल याचं मला आजही नवल वाटतं!

80 च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल आलं आणि ही चारही थांबली. 738 दिल्लीच्या नॅशनल रेल म्युझियममध्ये गेलं, 740 देशाबाहेर जाऊन शेवटी इंग्लंडला पोचलं. आता तर डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचा साज चढवतात. मुलांना आवडतं ते, ठीक आहे, पण मला ते पचत नाही.

उभं असलेलं इंजिन परत चालू होतच नाही असं मात्र नाही हां. 1855 ची फेअरी क्वीन 1909 ला निवृत्त झाली, कितीतरी वर्षं शोभेला उभी होती आणि 1997 मध्ये परत धावली. दार्जिलिंगला तर बी क्लासची वाफेची इंजिनं अजून चालतात, पुढे बसलेला माणूस चढावर रुळांवर वाळू टाकतो म्हणून चाकं घसरत नाहीत. तिथे हे जमतं कारण तिनधारियाचं वर्कशॉप आहे आणि काम येणारी माणसं आहेत.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. बॉयलर नवीन बनवता येतो, ट्यूबा बदलता येतात, पण पाण्यातल्या क्षारांचा थर किती बसलाय हे आवाजावरून सांगणारा फिटर कुठून आणणार? फायरबॉक्सच्या, म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या, माथ्यावर शिशाचा प्लग असतो, पाणी कमी झालं की तो वितळतो आणि वाफ आत सुटून आग दाबते, हे पुस्तकात वाचायला मिळतं, पण तो वितळायची वेळच येऊ नये म्हणून वाटेतल्या वॉटरपाईप स्टेशनच्या चढावर बॉयलरमध्ये किती पाणी ठेवायचं, कारण इंजिन वाकडं झालं की आतलं पाणीही एका बाजूला जातं, हे ज्याने तिथे फावडं मारलंय त्यालाच ठाऊक. आणि ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.

तर तुमच्या घरात आजोबा, मामा, काका कोणी नेरळ शेडला ड्रायव्हर, फायरमन, फिटर, खलाशी होते का? असतील तर प्लीज मला कळवा, मी फोन घेऊन येतो, ते बोलतील तेवढा वेळ बसतो आणि सगळं रेकॉर्ड करतो. कर्जत, बदलापूर, वांगणी कुठेही, रविवारीच असं काही नाही.