मॉरिशस: माणसं आली, पैसा कुठे गेला?

सांगलीहून आत्याचा फोन आला की तिचा एक प्रश्न ठरलेला असतो, "काय रे, तुमच्याकडे टुरिस्ट परत आले म्हणे?" आले. 2019 मध्ये 13 लाख 83 हजार आले होते, 2024 मध्ये 13 लाख 82 हजार. मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे घरच्यांपेक्षा पाहुणे जास्त. कागदावर हिशोब चुकता झाला. पण फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर अननस सोलून, त्याला चिंच-मिरची-मीठ लावून विकणाऱ्या बाईंना हे सांगायची माझी तरी हिंमत नाही.

आधी थोडं मागे जाऊ, कारण इथे काय झालं होतं ते आपल्याकडे फारसं कुणी वाचलं नाही. आपण तेव्हा आपल्याच लॉकडाऊनमध्ये होतो. मार्च 2020 मध्ये या देशाने दारं बंद केली आणि 1 ऑक्टोबर 2021 पर्यंत ती पूर्ण उघडली नाहीत. दीड वर्ष! समुद्र, हॉटेलं आणि विमानतळ यांच्यावर चालणाऱ्या देशात दीड वर्ष विमानच नाही म्हटल्यावर काय होणार? 2020 मध्ये अर्थव्यवस्था साधारण 15 टक्क्यांनी आकसली. एअर मॉरिशस दिवाळखोरीच्या दारात जाऊन प्रशासकांच्या हाती गेली. त्यात त्याच वर्षी जुलैअखेरीस 'वाकाशिओ' नावाचं जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल खाडीत पसरलं. त्या किनाऱ्यावरच्या माएबूर गावच्या लोकांनी सरकारची वाट पाहिली नाही. उसाचं वाळलेलं पाचट कापडात भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडवायला समुद्रात सोडल्या. आपल्या शेतकऱ्याला पाचट म्हणजे जाळायची वस्तू. ते असं कामी येताना बघून मला पहिल्यांदा वाटलं, हे लोक तरतील.

तरलेही. सरकारने हॉटेल कर्मचाऱ्यांच्या पगाराचा भार उचलला, म्हणून नोकऱ्या एकदम गेल्या नाहीत. मध्यवर्ती बँकेने 60 अब्ज रुपये (इथला एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन-दोन धरा) सरकारला दिले, शिवाय मोठ्या कंपन्यांना उभं करायला एक वेगळी गुंतवणूक संस्थाच काढली. छोट्या होडीवाल्याला, टॅक्सीवाल्याला महिन्याला काही हजारांची मदत मिळाली, तेवढंच. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तोच नडला.

दारं उघडली न उघडली तोच फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध. इथे पिकतं ते मुख्यतः ऊस. गहू, तांदूळ, तेल, डाळ, दूधपावडर, पेट्रोल, सगळं जहाजाने येतं. जहाजाचं भाडं वाढलं, पेट्रोल महागत गेलं आणि एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. मे महिन्यात पेट्रोल लिटरमागे 70 रुपयांच्या वर गेलं. रुपयाही घसरत राहिला. 2019 मध्ये डॉलरला 36 च्या आसपास होता, तो 44-46 पर्यंत गेला.

आता खरी गंमत. 2022 मध्ये पर्यटक 10 लाखांच्या आतच होते, तरी पर्यटनाची रुपयांतली कमाई 2019 पेक्षा थोडी जास्तच भरली. हॉटेलांनी दर वाढवले हे एक कारण, आणि तोच युरो मोडला की जास्त रुपये येतात हे दुसरं. मंत्री हा आकडा छाती फुगवून वाचतात. बाजारात डाळ घेणाऱ्याला त्याच घसरलेल्या रुपयाने झोडपलेलं असतं, हे त्या भाषणात येत नाही.

आमच्या घराजवळ एक होडीवाले काका राहतात. कास्काव्हेलच्या मराठी वस्तीतले. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यावर आलेले. घरात बोलणं क्रिओल (फ्रेंचमधून घडलेली इथली बोली), पण गणपतीत आरत्या तोंडपाठ. पहाटे तामारँच्या खाडीत डॉल्फिन दाखवायला होडी काढतात. त्यांचं म्हणणं साधं आहे: पूर्वी हॉटेलातला गोरा किनाऱ्यावर चालत यायचा, भाव करायचा, होडीत बसायचा, परतताना बाहेरच जेवायचा. आता तो घरूनच 'ऑल इन्क्लुझिव्ह' घेऊन येतो. नाश्ता, दारू, जेवण, कयाक, सगळं आतच. युरोपात वीज-गॅसची बिलं वाढल्यापासून फ्रेंच माणूसही सुट्टीचा खर्च आधीच बांधून येतो, त्याला दोष कसा द्यायचा? हॉटेल भरलेलं असतं आणि फाटकाबाहेरचा रस्ता रिकामा. डिझेल, इंजिनाचे सुटे भाग मात्र आयातीच्याच भावाने.

काकांचा मुलगा हॉटेलात वेटर होता. आता क्रूझ जहाजावर आहे, पगार डॉलरमध्ये. असे बरेच गेले. बंदीच्या काळात ज्यांनी दुसरं काम धरलं ते परतले नाहीत, म्हणून हॉटेलांना आता बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर, भारत इथून माणसं आणावी लागतात. 'मॉरिशियन आदरातिथ्य' अनुभवायला आलेल्या फ्रेंच पाहुण्याला सकाळी कॉफी चितगावचा पोरगा देतो. पोरगा गुणी असतो, त्याबद्दल तक्रार नाही.

आपल्या लोकांचं सांगायचं तर कोविडआधी वर्षाला पाऊण लाखाच्या आसपास भारतीय यायचे. हनिमूनवाले आता बाली-व्हिएतनामकडे वळलेत. फेब्रुवारी 2024 पासून इथे यूपीआय चालतं, पण धोल पुरीच्या गाडीवर रोख रक्कम बाळगलेली बरी. धोल पुरी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच समजा: दोन पुऱ्या, मध्ये पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांच्या कडधान्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा, हिरवी चटणी, आणि सगळं कागदात गुंडाळून हातात.

नोव्हेंबर 2024 मध्ये सरकार बदललं. नव्या सरकारने तिजोरी उघडून पाहिली तर कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या 90 टक्क्यांच्या घरात. मग 2025 च्या अर्थसंकल्पात पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने 60 वरून 65 करायचं ठरलं आणि मोर्चे निघाले. काका 58 चे आहेत, त्यामुळे त्या विषयावर त्यांच्याशी बोलायचं नाही असं बायकोने मला बजावलंय. त्याच अर्थसंकल्पात परदेशी पाहुण्यांवर रात्रीला तीन युरोंचा करही लागला.

तर आत्या, यायचं असेल तर मे ते ऑक्टोबरमध्ये ये, तेव्हा इथे हिवाळा असतो आणि वादळांची भीती नसते. हॉटेलात फक्त नाश्ता घे. जेवण बाहेर, होडी थेट होडीवाल्याकडून, आणि सोमवारी माएबूरचा बाजार चुकवायचा नाही. काकांना मी सांगून ठेवतो. भाव ते करू देतील, पण फार ताणू नकोस.