चिंचोक्यांची बरणी

आज सातवीच्या वर्गात चिंचोक्यांनी भरलेली बरणी नेली. किती असतील? पहिला पोरगा "पाचशे" म्हणाला आणि सगळा वर्ग पाचशेच्या आसपासच घुटमळत राहिला. मग दुसरी बरणी काढली. आता बोलायचं नाही, फक्त चिठ्ठी लिहायची. एकीने बरणी कानाशी हलवून पाहिली, एकाने तळाचा थर बोटाने मोजला. चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावल्या, मधली निघाली ३४०. मोजले तर ३५२!

१९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जत्रेत लोकांनी एका बैलाच्या मांसाचं वजन असंच ओळखलं होतं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८.

मशीन लर्निंगमधलं, म्हणजे संगणकाला माहितीतून शिकवण्याच्या शास्त्रातलं, 'रँडम फॉरेस्ट' मला म्हणूनच फार आवडतं. तिथे अनेक 'झाडं', म्हणजे एकामागून एक प्रश्न विचारत उत्तराला पोचणाऱ्या रचना, आपापला अंदाज देतात आणि ते सगळे एकत्र करतात. प्रत्येक झाडाला माहितीचा काही भागच दाखवतात, मुद्दाम वेगवेगळा. झाडं एकसारखी झाली की चुकाही एकसारख्या होतात, आमच्या पाचशेसारख्या.

३५१ लिहिणारी मुलगी शेवटच्या बाकावरची, वर्गात कधी हात वर करत नाही. तिने चिठ्ठी परत मागून घेतली आणि कंपासपेटीत ठेवली.