आमच्या अंध संस्थेचा चेंज रिपोर्ट : माझा अनुभव

ज्या वसतिगृहात राहून मी पदवीपर्यंत शिकले, त्या अंधांसाठीच्या संस्थेची मी आज सचिव आहे. मी जन्मांध आहे आणि महाविद्यालयात इतिहास शिकवते. संस्थेचा कारभार संस्थापकांच्या हातून नव्या कार्यकारिणीकडे येण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात आम्हांला जे करावे लागले ते लिहून ठेवते आहे, कारण अशाच टप्प्यावर उभ्या असलेल्या इतर संस्थांना त्याचा उपयोग होईल असे मला मनापासून वाटते.

आमचे संस्थापक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, डोळस आहेत. त्यांनी दारोदार धान्य मागून वसतिगृह चालवले आणि आमच्यापैकी अनेकांची फी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून भरली. त्यांच्याविषयीचा आदर कायम ठेवूनही हे सांगितले पाहिजे की इतक्या वर्षांत एकही अंध व्यक्ती विश्वस्त झाली नव्हती. आमची नावे लाभार्थींच्या वहीत होती, सभासदांच्या वहीत नव्हती. मी नोकरीला लागल्यावर एकदा वार्षिक ताळेबंद वाचून दाखवण्याची विनंती केली, तेव्हा अण्णा प्रेमाने म्हणाले, "बाळ, तू कशाला त्रास घेतेस, आम्ही आहोत ना." त्या वाक्यातली माया खरी होती आणि त्यामुळे होणारी अडवणूकही तितकीच खरी होती.

२०२२ च्या सुरुवातीस प्रकृतीमुळे अण्णांनी स्वतःच पद सोडण्याची इच्छा व्यक्त केली. सभा घेऊन नवी नावे ठरवली की काम झाले, अशी आमची समजूत होती. वकिलांनी मात्र प्रथम धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे संस्थेच्या सरकारी नोंदीचा, उतारा काढायला लावला. त्या उताऱ्यावर १९९९ ची कार्यकारिणी होती, आणि तिच्यातील नऊ विश्वस्तांपैकी चार जण निवर्तले होते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांमधला कोणताही बदल ९० दिवसांच्या आत कळवावा लागतो, आणि त्यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. आमचे २००४ आणि २००९ चे रिपोर्ट तारखांना कोणी हजर न राहिल्याने मंजूर न होताच निकाली निघाले होते, तर २०१४ आणि २०१९ चे दाखलच झाले नव्हते. म्हणजे इतकी वर्षे ज्यांना आम्ही पदाधिकारी म्हणत होतो, त्यांची सरकारी नोंदच नव्हती. यात कोणाचा अप्रामाणिकपणा नव्हता. सगळा वेळ मुलांच्या जेवणात आणि परीक्षांत जात होता, कागद मागे पडले, एवढेच.

मग मृत्यूचे दाखले गोळा करणे, जुन्या प्रोसिडिंग बुकांच्या, म्हणजे सभांच्या इतिवृत्तांच्या वह्यांच्या, प्रमाणित प्रती काढणे आणि विलंब माफीचे अर्ज करणे यात जवळपास सहा महिने गेले. नव्या सभेच्या वैधतेवर कोणी बोट ठेवू नये म्हणून १९९९ च्या यादीतील हयात पाच विश्वस्तांच्या सह्यांनी सभेची सूचना काढली. त्यांपैकी एक अंथरुणाला खिळलेले असल्याने त्यांच्या घरी जाऊन सही घ्यावी लागली.

त्याआधीचा खरा प्रश्न सभासदत्वाचा होता. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे, त्याला मत देता येत नाही, आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण तर सभासदच नव्हते. आम्ही गावोगावी फोन केले, वर्गणी हप्त्यांनी भरण्याची सोय ठरावाने करून घेतली, आणि त्यानंतरच आमच्या घटनेतील तरतुदीप्रमाणे लागोपाठ दोन विशेष सभा घेऊन तीन पंचमांश बहुमताने दुरुस्ती संमत केली. अकरापैकी किमान सहा विश्वस्त अंध असावेत, कोणीही सलग दोनपेक्षा अधिक मुदती पदावर राहू नये, आणि प्रत्येक सभेची कागदपत्रे सात दिवस आधी ब्रेलमध्ये किंवा स्क्रीन रीडरने (संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीने) वाचता येईल अशा फाईलमध्ये मिळावीत, असे तिचे स्वरूप होते. पहिल्या दोन मुद्द्यांवर पुष्कळ चर्चा झाली. तिसरा मुद्दा कोणी फारसा मनावर घेतला नाही, पण माझ्या मते बाकीची सगळी दुरुस्ती त्याच्यावरच उभी आहे.

मतदान गुप्त ठेवण्यासाठी आम्ही प्रत्येक उमेदवाराच्या नावाची वेगळी जाड चिठ्ठी केली, तिच्यावर ब्रेलमध्ये आणि मोठ्या अक्षरांत नाव घातले, आणि ज्यांची दृष्टी उशिरा गेल्यामुळे ब्रेल येत नाही त्यांच्यासाठी कडेला क्रमांकाइतक्या खाचा पाडल्या. मतदाराने हव्या त्या अकरा चिठ्ठ्या पेटीत टाकायच्या आणि उरलेल्या दुसऱ्या पेटीत. सोबत्याची गरज पडली नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी मला सांगितले की आयुष्यात प्रथमच त्यांचे मत दुसऱ्या कोणालाही कळले नव्हते.

निवडणुकीनंतरचा चेंज रिपोर्ट मुदतीत दाखल झाला, परंतु एका जुन्या देणगीदार सभासदांनी हरकत घेतली की बहुसंख्य विश्वस्त अंध असतील तर व्हाउचर तपासणार कोण. धर्मादाय कार्यालयातील सुनावणीत, उलटतपासणीच्या वेळी, मला हाच प्रश्न विचारला गेला आणि मी त्याचे उत्तर सविस्तर दिले, कारण प्रश्न रास्त होता. हिशेब संगणकावर असल्याने मी ते स्वतः ऐकून तपासते. छापील बिले स्कॅन करून वाचता येतात, पण भाजीवाल्याने हाताने लिहिलेली चिठ्ठी यंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून आम्ही हिशेब विभागाशी संबंध नसलेला वाचक मानधनावर नेमला असून दर महिन्याला तो दोन विश्वस्तांसमोर प्रत्येक व्हाउचर वाचतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १३ ने आम्हांला आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा समान हक्क दिला आहे, हेही वकिलांनी मांडले. हरकत फेटाळली गेली.

खात्यावर सही बदलताना एका बँकेने अंध स्वाक्षरीकर्ता चालणार नाही असे सांगितले. रिझर्व्ह बँकेच्या ४ जून २००८ च्या परिपत्रकात अंध ग्राहकांना धनादेशासह सर्व सुविधा द्याव्यात असे स्पष्ट म्हटलेले आहे. त्याची प्रत लेखी अर्जासोबत जोडल्यावर, तीन फेऱ्यांनंतर, काम झाले. आयकर विभागाच्या आणि इतर नोंदींतील बदल मात्र विनासायास झाले.

मार्च २०२४ मध्ये चेंज रिपोर्ट मंजूर झाल्याचा आदेश मिळाला. त्यानंतरच्या पहिल्या सभेला अण्णा निमंत्रित म्हणून आले होते. ब्रेलमधले जमाखर्च पत्रक सर्वांना आठवडाभर आधीच पोचले होते. विषय सुरू होताच एक तरुण अंध विश्वस्त, जो तीन वर्षांपूर्वीपर्यंत वसतिगृहातच राहत होता, त्याने 'इतर खर्च' या ओळीवर बोट ठेवून त्यात नेमके काय काय आहे असे विचारले. खजिनदारांकडे तपशील नव्हता, म्हणून तो विषय पुढील सभेपर्यंत तहकूब केल्याची नोंद मी इतिवृत्तात घेतली.