नारळ, छत्री आणि आई

आमच्या हॉलमधे गेले दोन महिने एक पांढरी छत्री उघडी उभी आहे आणि घरी येणारा प्रत्येक माणूस आधी वर छताकडे बघतो, गळतंय की काय म्हणून. गळत नाहीये. मी पोर्ट्रेट फोटोग्राफी शिकतोय. एक फ्लॅश, तो लांबून पेटवणारा एक ट्रिगर, एक स्टँड आणि फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारी ही छत्री, एवढाच माझा स्टुडिओ. स्टँड कलंडू नये म्हणून त्याच्या पायावर पाच किलो आट्याची पिशवी टाकलेली असते, जी पोळ्यांच्या वेळी परत द्यावी लागते.

तासतास न हलता बसेल असं घरात कुणीच नाही, म्हणून पहिला मॉडेल नारळ. हसू नका, नारळाला गोलाई आहे, तीन डोळे आहेत आणि मुख्य म्हणजे शेंडी आहे, मागून लाईट मारला की केस कसे उजळतात ते शेंडीवर झकास कळतं. स्टुलावर स्टीलचा डबा, डब्यावर नारळ. पहिल्याच दिवशी निम्म्या फोटोवर काळा पट्टा. मला वाटलं फ्लॅश गेला, पैसे पाण्यात! मग कळलं की शटर मी 1/500 वर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवलं होतं, आणि एवढ्या स्पीडला माझ्या कॅमेऱ्याच्या शटरचे पडदे एका वेळी पूर्ण उघडतच नाहीत, नुसती एक फट सरकत जाते, फ्लॅश तेवढ्यात चमकून मोकळा. 1/160 वर आणलं, पट्टा गायब. आणि गंमत म्हणजे त्या 1/160 ला, लेन्सचं तोंड बारीक (एफ 8) आणि सेन्सरची संवेदनशीलता कमी (आयएसओ 100) असताना हॉलमधली ट्यूब चालू की बंद हे फोटोत कळतसुद्धा नाही.

दुसरा धडा भिंतीने दिला. आमची भिंत पिस्ता रंगाची, हौसेने लावलेला रंग, तर पांढऱ्या छत्रीतून उजेड सगळीकडे पसरतो, भिंतीवर आपटून परत येतो आणि नारळाचा एक गाल हिरवा. आता त्या बाजूला काळी शाल टांगतो. दुसऱ्या बाजूला उजेड परत फेकायला थर्माकोल. तेही गणपतीच्या जुन्या मखराचं.

मग एका रविवारी आई बसली. नारळाला घाम येत नाही हे तेव्हा लक्षात आलं, कारण पंख्याच्या वाऱ्याने छत्री गर्रकन फिरते म्हणून पंखा बंद. "उकडतंय रे, काढ लवकर." त्यात चष्मा, दोन्ही काचांत दोन पांढऱ्या छत्र्या. लाईट उंच केला, चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचलल्या की काचा जरा खाली झुकतात, छत्र्या गेल्या. मी खूष, कारण सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा तो छोटा त्रिकोण आला होता, ज्याला सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावाने रेम्ब्राँट लाईटिंग म्हणतात आणि ज्याच्यासाठी मी नारळाला पंधरा दिवस छळलं होतं.

आईने फोटो बघितला. "अर्धं तोंड काळं का? आणि गालावर हे काय लागलंय, पावडर?"

मी रेम्ब्राँट सांगायला लागलो. ती म्हणाली, त्यांच्याकडे नसेल लाईट पुरेसा, आपल्याकडे आहे ना.

तिच्या डोक्यातला फोटो म्हणजे तिच्या लग्नाआधी स्टुडिओत काढलेला, चेहरा स्वच्छ, सावली औषधालाही नाही. शेवटी छत्री समोर आणली, थर्माकोल हनुवटीखाली तिच्याच हातात दिला आणि सपाट, गोरा, पासपोर्ट साइझवाला वाटेल असा फोटो काढला. तो तिला आवडला. खरं सांगायचं तर तो वाईट नव्हता, त्यात ती हसत होती, त्रिकोणवाल्यात नुसती उकडत होती.

नारळी पौर्णिमेला सकाळी फॅमिली ग्रुपवर आईचा मेसेज, शुभेच्छा आणि खाली माझा नारळ. अर्धा काळोखात, शेंडी झगमगती. मामाने विचारलं कुठून डाउनलोड केला. दुपारी तोच नारळ नारळीभातासाठी फोडला तर खवट निघाला.